धुराचं घर

ऑक्टोबरातली ओली दुपार होती. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातल्या सिंगलटन गावी, बे-लीफ नावाच्या जुन्या शेतघरात जमिनीवर दोन-तीन ओंडके जळत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. चूल नव्हती, धुराडं तर नव्हतंच. घराच्या मधोमध उघड्या जमिनीवर पेटवलेला जाळ, बस. धूर वर जायचा, छपराच्या पोटात रेंगाळायचा आणि वारा फिरला की परत खाली उतरायचा. तिथे काम करणाऱ्या बाईंनी माझी अवस्था पाहिली आणि भिंतीलगतच्या बाकाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, बसा, उभं राहिलं की धूर लागतो. बसलो. खरंच, बसल्या उंचीला हवा निवळ होती. धुराची खालची कड डोक्याच्या वर कोणी दोरी धरून आखल्यासारखी तरंगत होती. मग लक्षात आलं की या घरातले बाक आणि स्टुलं एवढी बुटकी का. माणसं धुराच्या खाली राहत होती.

संध्याकाळी परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी दोनदा नाक उडवलं आणि जागा बदलली. कोटाचा वास आठवडाभर गेला नाही. हे पुस्तक लिहायचं त्या आठवड्यात ठरलं.

(घराच्या नावात मी मधे रेघ ठेवली आहे. ती काढली तर मराठी वाचकाला जप्तीचा कागद घेऊन आलेला कोर्टाचा बेलीफ दिसेल.)

केंट, सरे आणि ससेक्स या परगण्यांत, खडूच्या दोन डोंगररांगांच्या मधे एक चिकणमातीचा पट्टा आहे. त्याला वील्ड म्हणतात. जर्मन भाषेतला ‘वाल्ड’ म्हणजे अरण्य, त्याच मुळाचा हा शब्द. मातीत पाय रुतणारा, नांगराला नकोसा, पण ओक वृक्षाला मानवलेला असा हा मुलूख. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथल्या शेतकऱ्यांनी एका ठरावीक घडणीची लाकडी घरं बांधली. ती शेकड्यांनी उभी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत आजही माणसं राहतात. अभ्यासक त्यांना वील्डन घर म्हणतात. नाव वील्डचं असलं तरी हा नमुना त्या पट्ट्याबाहेर, दूरच्या शहरांतही सापडतो. पण त्याची दाटी पाहायची ती केंटमध्ये.

या घराचं वर्णन करताना मराठीला फारसं अडखळावं लागत नाही, हा माझा सुखद अनुभव. इंग्रज सुतार घर मोजतो ते दोन चौकटींमधल्या अंतराने. आपल्याकडे त्याला खण म्हणतात. पाच खणांचं घर म्हटलं की आपल्याला जे समजतं, तेच त्यांना समजतं. खांबांच्या मधे उभ्या काठ्या रोवून, त्यांत हेझलच्या लवचिक फोका विणून, वरून चिखल, शेण आणि गवताचा गिलावा चढवायचा, की झाली भिंत. हा तर आपला कूड. कोकणात कारवीचा कूड घालतात, तिथे हेझलचा. शेण दोन्हीकडे गाईचंच.

आणि ‘हॉल’? तो तर आपण रोज बोलतो. वन बीएचकेमधला मधला ‘एच’ या घरांच्या वंशातलाच. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडात आज हॉल म्हणजे दारातून आत शिरल्यावर कोट अडकवायची बोळकांडी उरली आहे. पुण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मात्र हॉल अजून घरातली मुख्य खोली आहे, तिथे पाहुणे बसतात आणि रात्री गाद्या पडतात. मध्ययुगातल्या शेतकऱ्याला आपला हॉल ओळखीचा वाटला असता. फक्त वर पाहून तो विचारात पडला असता, की छत इतकं खाली का.

कारण त्याच्या हॉलला छतच नव्हतं. बसल्या जागेवरून मान वर केली की थेट वासे दिसायचे. घराचे साधारण चार खण. मधले दोन हॉलचे, जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे. दोन्ही टोकांचे खण मात्र दुमजली. एका टोकाला खाली दोन लहान कोठ्या, एक पिंपांची आणि एक भाकरीची. पिंपांच्या कोठीला ‘बटरी’ म्हणत. तिचा लोण्याशी काही संबंध नाही, ‘बट’ म्हणजे पीप. दुसऱ्या टोकाला मालकाची बैठकीची खोली आणि तिच्यावर निजायची खोली. बे-लीफच्या या वरच्या खोलीला बाहेर लोंबणारा एक लाकडी संडास आहे, खाली खड्डा. धुराची सोय नसलेल्या घरात ही सोय आहे, यावरून त्या माणसांच्या सुखाच्या कल्पना कशा होत्या ते कळतं.

बाहेरून पाहिलं की हे घर लगेच ओळखता येतं. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले असतात, हॉल मधे आत राहतो. पण छप्पर एकच, सलग, चारी बाजूंनी उतरतं. त्यामुळे हॉलच्या पुढ्यात वळचण भिंतीपासून सुटते आणि अधांतरी राहते. ती पेलायला एक लांब तुळई या टोकाच्या मजल्यापासून त्या टोकाच्या मजल्यापर्यंत हवेतून जाते आणि तिला दोन वाकडे आधार बाजूच्या खांबांतून येऊन टेकतात. पुढून घर पाहिलं की मधोमध सावलीचा एक खोल पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे हॉल. खिडक्यांना तावदानं नव्हती. उभे लाकडी गज, तेही कोन पुढे येईल असे तिरके बसवलेले, आणि आतून सरकती झडप.

आता सुताराकडे वळतो. या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्यावर आहे आणि तसा तो असणं मला योग्य वाटतं. ही घरं वास्तुविशारदाने काढलेली नाहीत. त्यांचा नकाशा सुताराच्या डोक्यात होता आणि उरलेला झाडात.

पहिली गोष्ट, लाकूड ओलं वापरत. ओक वाळला की लोखंडासारखा होतो, त्याच्यावर हत्यार चालेनासं होतं. म्हणून झाड तोडायचं आणि त्याच वर्षात, रस सुकायच्या आत, कुऱ्हाडीने आणि वाकसाने तासून कामाला लावायचं. पुढे जागेवर उभं राहिल्यावर ते वाळतं, आकसतं, थोडं मुरडतं. जुन्या घरांच्या त्या वाकड्या-तिकड्या रेषा पाहून लोक म्हणतात की घर म्हातारपणी वाकलं. खरं तर बरंचसं वाकणं पहिल्या काही वर्षांतलं आहे.

दुसरी गोष्ट खुंटीची. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात खोबण पाडायची, जीभ खोबणीत घालायची आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. सगळा सांगाडा असाच, मोठ्या सांध्यांना खिळा नाही. पण भोकं एका रेषेत नसतात. जिभेतलं भोक खोबणीतल्या भोकापेक्षा केसभर आतल्या अंगाला पाडतात. खुंटी मात्र वाळलेल्या, चिरून काढलेल्या ओकची. ती ठोकली की स्वतः किंचित वाकत जाते आणि जीभ आत ओढून घेते. मी एका प्रात्यक्षिकात ही खुंटी हातात घेतली होती. करंगळीहून थोडी जाड, टोकाला निमुळती, गोल नव्हे तर आठ अंगांची. तिने दोन मणामणाच्या तुळया कुरकुरत जवळ ओढल्या. मी नकळत दोन पावलं मागे सरलो होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. कोपऱ्याच्या मुख्य खांबाला वरच्या टोकाला तीन लाकडांचा सांधा घ्यायचा असतो. तो स्वतः, आडवी तुळई आणि भिंतीच्या माथ्यावरची लांब पट्टी, हे तिघे एकाच ठिकाणी भेटतात. एवढे सांधे कोरायला खांब वर जाड हवा. झाड तर खाली जाड असतं. मग सुताराने काय केलं, तर झाड उलटं उभं केलं. बुंधा वर, शेंडा खाली. या घरांत फिरताना खांबाच्या माथ्याला रुंद होत गेलेला भाग दिसला की समजावं, हे झाड सहाशे वर्षं शीर्षासन करून उभं आहे.

सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवत, मग सुटा करून गाड्यांतून जागेवर नेत आणि माणसं लावून उभा करत. प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदारापुरताच बेतलेला, दुसऱ्या कुठल्याही खोबणीत तो बसणार नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरत. चार म्हणजे सरळ चार रेघा. हे आकडे अजून दिसतात. बोट फिरवलं तर कडा हाताला लागतात.

छप्पर मात्र आपल्या समजुतीला धक्का देतं. आपल्याकडे घर म्हटलं की आधी आढं. खांब आढ्याला पेलतात, वासे आढ्यावर टेकतात. केंटच्या या घरांना आढंच नाही. दोन बाजूंचे वासे शेंड्याला एकमेकांत अडकवून खुंटीने बांधले, की झाली एक जोडी. अशा जोड्या एकामागोमाग एक उभ्या. प्रत्येक जोडीत थोडं खाली एक आडवं लाकूड आणि त्या सगळ्या आडव्या लाकडांच्या पोटाखालून घराच्या लांबीभर जाणारी एक तुळई. ही तुळई पेलायला, हॉलच्या मोठ्या आडव्या तुळईच्या मध्यावर एक आखूड, नक्षीदार खांब उभा असतो. त्याला चार दिशांना चार वाकडे हात. हा खांब शेंड्यापर्यंत जातच नाही. त्याचं काम वेगळं आहे. आढं नसल्यामुळे वाशांच्या जोड्या फळीवरच्या पुस्तकांसारख्या एका बाजूला कलंडू शकतात. घर फिरलं की वासेही फिरतात ही आपली म्हण त्या सुताराने अक्षरशः घेतली असावी. वासे फिरू नयेत म्हणून तर तो खांब आणि ती तुळई.

आणि या लाकडांना तोंडसुद्धा आहे. मालक हॉलच्या एका टोकाला, भिंतीलगतच्या बाकावर बसायचा. त्याच्यासमोर लांब टेबल, पुढे जाळ आणि पार पलीकडे समोरासमोरची दोन दारं, त्यांच्यामधून जाणारी वाट आणि कोठ्या. चौकटीची चांगली, सफाईची बाजू साधारणपणे मालकाच्या टोकाकडे केलेली आढळते. नोकरमाणसं ज्या बाजूने यायची तिकडे लाकडाची पाठ. घरात कुठे बसायचं हे कोणी सांगायला नको, तुळईच सांगते.

अशी घरं बांधणारे कोण होते? सरदार नव्हते, जमीनदारही नव्हते. स्वतःची जमीन कसणारे खातेपीते शेतकरी होते, त्यांना योमन म्हणत. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली. जे उरले त्यांना जमीन स्वस्त मिळाली आणि मजुरी महाग झाली. केंटमध्ये भर पडली ती वारसाच्या एका जुन्या चालीची. इंग्लंडात इतरत्र बहुधा थोरल्या मुलाला सगळं जायचं. केंटमध्ये आपल्या भाऊवाटणीसारखे सगळ्या मुलांना सारखे वाटे होत आणि जमीन विकायची-घ्यायची मोकळीक होती. त्यामुळे मोठ्या जहागिरींपेक्षा मध्यम शेतकऱ्यांची दाटी झाली. सुतारकामात लाकडाची उधळण करायची ऐपत आणि हौस त्यांच्यात होती. पुढच्या भिंतीत गरजेपेक्षा कितीतरी दाट लावलेले उभे खांब हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार आहे. गरिबांची घरं मात्र टिकली नाहीत, हेही इथेच सांगून ठेवतो. आपण पाहतो ते त्या काळच्या गावातलं बरं घर.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की एवढी घरं म्हणजे अरण्यंच्या अरण्यं आडवी झाली असतील. ऑलिव्हर रॅकहॅम या वनस्पती-इतिहासकाराने सफोकमधल्या सुमारे १५०० सालच्या एका शेतघराचं लाकूड मोजलं. सुमारे ३३० झाडं निघाली. आकडा मोठा वाटतो. पण ती बहुतेक तरुण, बारीक बुंध्याची झाडं होती, राखलेल्या रानातून निवडून काढलेली आणि बुंध्यातून परत फुटणारी. शेतासारखंच ते पीक होतं.

दुसरी दंतकथा जहाजांची. या घरांतल्या तुळया मोडक्या गलबतांच्या आहेत, असं दर दुसऱ्या गावातल्या दारूच्या गुत्त्यात शपथेवर सांगतात. पुरावा म्हणून तुळईतल्या रिकाम्या खोबणी दाखवतात. समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर, चिखलाच्या मुलखात, ओकच्या रानाशेजारी राहणारा माणूस मोडकं जहाज कशाला ओढून आणेल? पण खोबणी रिकाम्या आहेत हे खरं, आणि त्या वाचायला शिकलं की घर बोलायला लागतं. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने चौकोनी भोकं, कोनावर उभी असलेली, म्हणजे तिथे गजांची खिडकी होती. त्यांच्याशेजारी लांब खाच म्हणजे झडप सरकायची. लहान गोल भोकांची रांग म्हणजे कुडाच्या काठ्या, तिथे भिंत होती आणि कोणीतरी ती काढली. एखाद्या घरात अशा तासाभराच्या वाचनाने सगळा जुना नकाशा समोर उभा राहतो, आणि घरात राहणाऱ्यांना तो ऐकून आपल्याच घरी पाहुणे असल्यासारखं वाटतं.

कारण आज ज्या घरात ते राहतात तिथे हॉल दिसत नाही. विल्यम हॅरिसन नावाचा एसेक्समधला एक पाद्री होता. १५७७ साली छापलेल्या आपल्या इंग्लंड-वर्णनात तो लिहितो की त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या हयातीतल्या तीन बदलांचं नवल वाटतं. एक म्हणजे उदंड झालेली धुराडी. दुसरा बदल बिछान्यांचा, तिसरा लाकडी ताटांच्या जागी आलेल्या कथलाच्या भांड्यांचा. शिवाय तो कुरकुरतो, की धुराडी नव्हती तेव्हा कोणाचं डोकं दुखत नव्हतं, धुराने लाकूडही पक्कं व्हायचं आणि माणूसही. प्रत्येक पिढीला असा एक हॅरिसन मिळतो. आमच्याकडे गॅस आला तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी भाकरीबद्दल हेच म्हटलं होतं.

धुराडं आलं आणि हॉलचा जीव गेला. जाळ मधून भिंतीला गेला, धूर विटांच्या नळीतून बाहेर पडू लागला, मग एवढी उंच रिकामी जागा कशाला? हॉलमध्ये मधेच एक मजला टाकला. वर खोल्या निघाल्या, खिडक्यांना काचा आल्या, पुढची आत गेलेली भिंत कित्येकांनी बाहेर ओढून सपाट करून घेतली. अठराव्या शतकात काहींनी वरून विटा आणि कौलं चढवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं हे विटांचं घर. आत पंधराव्या शतकाचा सांगाडा.

हे कळतं माळ्यावर. केंटमधल्या एका घराच्या मालकीणबाईंनी मला एकदा शिडी लावून दिली होती. खाली त्यांचा स्वयंपाक चालला होता, रेडिओ लागला होता. वरच्या झरोक्यातून मान घातली आणि टॉर्च मारला. वासे कोळशासारखे काळे. सहज हात लावला तर बोट काळं झालं नाही, ती काजळी शतकांच्या वाफेने आणि डिंकाने लाकडात मुरून चकाकत होती. मग थोडं पुढे सरकलो. छपराच्या आतच एक कुडाची आडभिंत होती. अलीकडच्या बाजूने काळीकुट्ट. पलीकडे वाकून पाहिलं तर तीच भिंत फिकट, मातीच्या मूळ रंगाची. अलीकडे हॉल, पलीकडे निजायची खोली. धुराला जिथे जाता आलं नाही तिथे सीमारेषा. कुठल्याही कागदपत्राविना, कुठल्याही शंकेविना.

काही ठिकाणी, विशेषतः डेव्हनमध्ये, गवती छपराचा सगळ्यात आतला थरही असाच काळा होऊन टिकला आहे. वरचं शाकारणं दर पिढीने बदललं, आतलं तसंच राहिलं. धुराने त्याला किडीपासून वाचवलं. वनस्पती-पुरातत्त्वज्ञांनी त्यातून मध्ययुगातल्या गव्हाची आणि ‘राय’ या धान्याची ताटं, ओंब्या आणि शेतातलं तण वेचून काढलं. त्या वेळच्या शेतात काय पिकत होतं हे छपराने जपून ठेवलं होतं.

आता जपण्याविषयी.

ईस्ट ससेक्समधल्या ऑल्फ्रिस्टन गावी, ककमिअर नदीच्या काठी, चौदाव्या शतकातलं एक गवती छपराचं वील्डन घर आहे. पुढे ते चर्चच्या मालकीचं झालं म्हणून त्याला ‘क्लर्जी हाउस’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याची इतकी दुर्दशा झाली की पाडायचं ठरलं होतं. तिथे भाड्याने राहणाऱ्या एका म्हातारीने मला इथेच मरू द्या अशी विनंती केली म्हणून पाडणं लांबलं, असं सांगतात. मग तिथल्या बेनन नावाच्या पाद्र्याने खटपट केली. विल्यम मॉरिसने १८७७ साली स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था मदतीला आली आणि १८९६ साली, आदल्याच वर्षी जन्मलेल्या नॅशनल ट्रस्टने ते घर विकत घेतलं. दहा पौंडांना. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. त्यानंतर ट्रस्टने किती महाल आणि किल्ले घेतले, पण सुरुवात शेतकऱ्याच्या एका मोडक्या घराने झाली. दुरुस्तीला मात्र त्या दहा पौंडांच्या कितीतरी पट गेले.

तिथली जमीन पाहण्यासारखी आहे. खडू कुटून, धुम्मस करून पसरलेला आणि आंबट दुधाने घोटलेला. सारवणाची सवय असलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटत नाही, फक्त शेणाच्या जागी दूध का, एवढाच प्रश्न पडतो. दुपारच्या तिरक्या उन्हात तिला हस्तिदंतासारखी झाक येते.

बे-लीफची गोष्ट उलटी. ते मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनजवळचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बाउ बीचचा जलाशय व्हायचा होता आणि घर बुडणार होतं. धरण आणि विस्थापन म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. इथे निदान घराचं पुनर्वसन झालं. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाने ते खुंटी-खुंटी सोडवून सिंगलटनला आणलं. सुताराने जसं जमिनीवर जुळवून गाडीतून नेलं होतं, तसंच साडेपाच शतकांनी पुन्हा. उभं करताना मात्र नंतरचं सारं गाळलं. मागाहून घातलेला मजला आणि धुराडं नाही, जाळ पुन्हा हॉलच्या मधे. आतलं सामान सुमारे १५४० सालचं, अस्सल नमुन्यांवरून नव्याने केलेलं. हॉल आणि कोठ्यांचा भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मालकाचं टोक सोळाव्याच्या पहिल्या दशकातलं.

मला बे-लीफ मनापासून आवडतं, धुरासकट. पण त्याच्याशी माझं एक भांडण आहे आणि ते या पुस्तकभर चालू राहील. त्या घराची धुराची दीडेकशे वर्षं परत आणताना धुराड्याची चारशे वर्षं टाकून द्यावी लागली. संग्रहालयाला दुसरा पर्यायही नव्हता, ते मान्य. पण घर टिकलं ते त्या चारशे वर्षांतल्या माणसांमुळे, ज्यांनी त्यात मजला घातला, काचा लावल्या, छपराखाली कोंबड्या ठेवल्या. ते बदल झाले नसते तर घर कधीच पाडलं गेलं असतं. मॉरिसचा राग नेमका असे बदल पुसून टाकण्यावरच होता. जुन्या इमारतीला तिच्या एखाद्या काल्पनिक तारुण्यात परत नेण्याच्या उद्योगाला लोक जीर्णोद्धार म्हणत होते आणि त्यात खरीखुरी इमारत नाहीशी होत होती.

आज इंग्लंडात १९४७ च्या नगररचना कायद्याच्या परंपरेतून संरक्षित इमारतींची यादी चालते. तिच्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर यादीतल्या जेमतेम अडीच टक्के इमारती, मधल्या पायरीवर सहा टक्क्यांच्या आतबाहेर, बाकी सगळ्या तिसरीवर. ऑल्फ्रिस्टनचं घर मधल्या पायरीवर आहे. माझ्या पुस्तकातली बहुतेक घरं तिसऱ्या पायरीवरची. संरक्षण सगळ्या घराला असतं, आतून आणि बाहेरून, नंतरच्या भरीसकट. परवानगीविना बदल केला तर तो फौजदारी गुन्हा होतो. मालकांची यावर पुष्कळ कुरकूर असते आणि ती मी प्रत्येक घरी चहाबरोबर ऐकली.

कायद्याच्या आधी आणि कधीकधी कायद्याच्या नाकाखाली जे झालं त्याचंही दुःख आहे. व्हिक्टोरियन काळात लाकडाला काळा रंग आणि मधल्या भिंतींना पांढरा, अशी फॅशन आली. आज कॅलेंडरांवर दिसतं ते ‘जुनं इंग्लंड’ बहुतांशी ते आहे. केंटच्या ओकला मोकळं सोडलं तर तो रुपेरी राखाडी होतो. मग विसाव्या शतकात तुळया ‘स्वच्छ’ करायला वाळूचा फवारा मारायची लाट आली. वाळूने काजळी गेली, वाकसाचे घाव गेले, रोमन आकडे गेले. राहिला तो मधाच्या रंगाचा गुळगुळीत मुका ओंडका. आणि सिमेंट! कुडाच्या जागी सिमेंट भरलं की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं. आमच्या आजोळच्या कुडाच्या भिंतीला मामांनी मोठ्या कौतुकाने सिमेंटचा गिलावा केला होता. तिसऱ्या पावसाळ्यात खांबाच्या बुडाशी बोट रुतलं. त्या वेळी आम्ही वाळवीला दोष दिला.

पहिलं प्रकरण दारातून सुरू होत नाही, माळ्यावरून सुरू होतं. शिडी लावलेली आहे. टॉर्च घ्या, जुने कपडे घाला आणि झरोक्यातून वर येताना डोकं खाली ठेवा. आडवी तुळई तिथे लगेच लागते, मला दोनदा लागली आहे.